उशिरा मिळालेली जर्सी

नमस्कार, श्रोतेहो.

9 नोव्हेंबर 2007. सिंगापूर विरुद्ध ताजिकिस्तान, 2010 च्या विश्वचषकाची पात्रता फेरी. सिंगापूरच्या आघाडीला एक उंचापुरा, गोरा गडी उभा आहे. देशाच्या लाल जर्सीतला हा त्याचा पहिलाच सामना, आणि वय आहे सदतीस. या वयात फुटबॉलपटू बूट खुंटीला टांगून मोकळे झालेले असतात. हा मात्र पदार्पण करत होता. सामना सिंगापूरनं 2-0 असा जिंकला, आणि दोन्ही गोल याच पदार्पणवीरानं केले.

त्याचं नाव अलेक्सांदर ज्युरिच. जन्म 1970 चा, बोस्नियातल्या डोबोय शहराजवळचा. तेव्हा तो सारा मुलूख युगोस्लाव्हिया या एका देशात होता. आज आपण बोलणार आहोत या माणसाबद्दल. तो एका देशात जन्मला, तो देशच नकाशावरून पुसला गेला. ऑलिम्पिकमध्ये तो दुसऱ्याच देशाकडून उतरला. आणि फुटबॉल खेळला तो तिसऱ्या देशासाठी, आपल्या बृहन्मुंबईहून थोड्याशाच मोठ्या असलेल्या एका बेटासाठी.

डोबोय हे गाव बोस्ना नदीच्या काठी आहे. नदीकाठचा मुलगा, त्यामुळे ज्युरिच फुटबॉलइतकाच पाण्यातही रमला. त्याचा खेळ होता कनूइंग, म्हणजे शर्यतीची नाव वल्हवणं. कयाकमध्ये खेळाडू बसून दोन्ही बाजूंनी वल्हं मारतो. कनूचं तसं नाही. अरुंद, डुगडुगत्या नावेत एक गुडघा टेकायचा, दुसरा पाय पुढे रोवायचा, आणि एकाच पात्याचं वल्हं एकाच बाजूनं मारत राहायचं. सगळा जोर एका अंगानं लागतो, तरी नाव सरळ रेषेत गेली पाहिजे. पाठ, पोट, खांदे, मांड्या सगळं पिळून निघतं. चाळिशी ओलांडल्यावरही ज्युरिच विशीतल्या बचावपटूंना धक्क्यानं हलत नसे, याचं मूळ मला तरी त्या नदीतल्या वर्षांत दिसतं.

1992 साली बोस्नियात युद्ध पेटलं. शेजारी शेजाऱ्यावर उठला. ज्युरिच घर सोडून हंगेरीत आला, निर्वासित म्हणून. त्याच उन्हाळ्यात बार्सिलोनाचं ऑलिम्पिक होतं आणि नव्यानं स्वतंत्र झालेला बोस्निया-हर्जेगोव्हिना पहिल्यांदा स्वतःच्या नावानं भाग घेणार होता. खेळाडू होते दहा. त्यांतली धावपटू मिर्सादा बुरिच वेढा पडलेल्या साराजेव्होच्या रस्त्यांवर, नेमबाजांच्या टप्प्यात सराव करत होती. ज्युरिचला हंगेरीत निरोप आला. तो स्लोव्हेनियामार्गे बार्सिलोनाला पोचला आणि 500 मीटरच्या एकेरी कनू शर्यतीत उतरला. पदकाच्या जवळपासही गेला नाही, सुरुवातीच्या फेऱ्यांतच बाहेर पडला. पण श्रोतेहो, त्या दहा जणांनी तिथं हजर असणं हीच त्या देशाची त्या वर्षीची कमाई होती.

ज्युरिचच्या वाट्याला युद्धाचा घाव यायचाच होता. त्याची आई त्या युद्धात मारली गेली. यावर मी अधिक काही बोलणार नाही. पुढची वीस वर्षं हा माणूस मैदानावर कसा वागला, सरावाला कसा वेळेवर आला, हरलेल्या सामन्यानंतरही कसा उभा राहिला, हे ऐकताना एवढं मनात असू द्या.

हंगेरीत फुटबॉल, मग ऑस्ट्रेलियात फुटबॉल. साउथ मेलबर्नसारख्या क्लबांतून तो खेळला. बरा स्ट्रायकर, पण नाव व्हावं असं काही घडत नव्हतं. तिशी जवळ आली होती. अशात 1999 मध्ये सिंगापूरच्या तांजोंग पगार युनायटेड या क्लबाकडून तो खेळू लागला.

सिंगापूरला तेव्हा परदेशी फुटबॉलपटू का हवे होते, हे जरा थांबून सांगायला हवं, कारण गोष्टीची खरी गंमत तिथं आहे. सिंगापूर आणि मलेशिया 1965 साली वेगळे झाले, पण फुटबॉलमध्ये कितीतरी वर्षं एकत्रच नांदत होते. मलेशिया कप या स्पर्धेत सिंगापूरचा संघ मलेशियातल्या राज्यांशी खेळायचा. कल्लांगच्या नॅशनल स्टेडियममध्ये पन्नास-पन्नास हजार लोक जमायचे आणि त्यांच्या आवाजाला नावच पडलं होतं, ‘कल्लांगची गर्जना’. 1994 मध्ये सिंगापूरनं तो कप जिंकला, आणि त्यानंतर दोन्हीकडच्या फुटबॉल संघटनांचं बिनसलं. सिंगापूर त्या स्पर्धेतून बाहेर पडलं. मग स्वतःची व्यावसायिक लीग हवी म्हणून 1996 मध्ये एस-लीग सुरू झाली. एवढ्याशा बेटावर आठ-दहा क्लब चालवायचे तर खेळाडू आणायचे कुठून? प्रत्येक क्लबाला बाहेरचे खेळाडू घ्यायची मुभा मिळाली. त्या दारातून ज्युरिच आत आला.

दुसरी गोष्ट घडली 1998 मध्ये. पंतप्रधान गोह चोक तोंग यांनी राष्ट्रीय दिनाच्या भाषणात जाहीर केलं की 2010 चा विश्वचषक सिंगापूरनं गाठायचा. ‘गोल 2010’ असं त्या मोहिमेला म्हणू लागले. अनेकांना ते स्वप्नरंजन वाटलं. पण सिंगापूरचा सरकारी खाक्या असा की ठरलं म्हणजे ठरलं. परदेशी गुणवान खेळाडूंना नागरिकत्व द्यायची योजना 1993 पासून होतीच, टेबल टेनिसमध्ये तिचा भरपूर उपयोग झाला. आता फुटबॉलची पाळी आली. ब्राझीलचा एगमार गोन्साल्व्हेस, क्रोएशियाचा मिर्को ग्राबोव्हाच, नायजेरियाचे अगू कासमीर आणि इतिमी डिक्सन, चीनचा शी जियायी, सर्बियाचा फाहरुदिन मुस्ताफिच. एकामागून एक मंडळी सिंगापूरची झाली आणि राष्ट्रीय संघात आली. 2004 आणि 2007 ची आग्नेय आशियाई अजिंक्यपदं या मिश्र संघानं मिळवली.

मग कुरकुरही सुरू झाली. ‘माजुलाह सिंगापुरा’ हे राष्ट्रगीत मलय भाषेत आहे. सामन्यापूर्वी कॅमेरा खेळाडूंच्या चेहऱ्यांवरून फिरायचा आणि लोक घरी बसून कोणाचे ओठ हलतात, कोणाचे नाही, ते पाहायचे. काही खेळाडू पुढे निघूनही गेले. ग्राबोव्हाचनं काही वर्षांनी सिंगापूरचं नागरिकत्व सोडलं आणि तो क्रोएशियाला परतला. तो त्याचा हक्क होता. पण तिकीट काढून स्टेडियममध्ये बसणाऱ्या माणसाला त्याचं वाईट वाटलं, तेही समजण्यासारखं आहे.

ज्युरिचचं वेगळेपण इथं आहे. तो त्या सरकारी योजनेतून आलेला नव्हता. कोणी बोलावून, हातात पासपोर्ट ठेवून संघात घेतलेला खेळाडू तो नव्हता. तो आधी राहिला. तांजोंग पगार, होम युनायटेड, गेलांग युनायटेड, मग सिंगापूर आर्म्ड फोर्सेस, म्हणजे लष्कराचा क्लब. घर थाटलं, मुलं तिथंच वाढू लागली, आणि मग त्यानं इतर कोणाही रहिवाशासारखा रीतसर अर्ज केला. पहिल्याच झटक्यात होकार मिळाला असंही नाही. तरी तो राहिला, गोल करत राहिला. 2007 मध्ये त्याला नागरिकाचं गुलाबी ओळखपत्र मिळालं. सिंगापुरात नागरिकाचं कार्ड गुलाबी आणि कायम रहिवाशाचं निळं. या दोन रंगांमधलं अंतर किती असतं, हे तिथं राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना विचारा. सिंगापूर महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात मोदक वाढताना हा विषय निघाला नाही असं सहसा होत नसेल.

कारण सिंगापूर दुहेरी नागरिकत्व मानत नाही. गुलाबी कार्ड घ्यायचं तर मागचा पासपोर्ट परत करायचा. शिवाय तिथल्या मुलग्यांना अठरा वर्षांच्या आसपास दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा आहे. मुलगा झाला की बापाला ते आधीच ठाऊक असतं. तेव्हा असा निर्णय घेणारा माणूस फक्त जर्सीचा हिशेब करत नसतो. ज्युरिचच्या बाबतीत तर जर्सीची आशा कोणी बाळगावी? सदतिसाव्या वर्षी?

पण प्रशिक्षक राडोइको अव्रामोविच यांनी त्याला बोलावलं. अव्रामोविच मूळचे सर्बियाचे. 2003 ते 2012 अशी जवळपास दहा वर्षं त्यांनी सिंगापूरचा संघ सांभाळला. मितभाषी, कडक गृहस्थ. भावनेच्या भरात म्हाताऱ्या खेळाडूला संधी देणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी पाहिलं की लीगमध्ये सर्वांत जास्त गोल कोण करतंय, आणि तो आता नागरिक आहे. मग झाला ताजिकिस्तानविरुद्धचा तो सामना. त्या जोरावर सिंगापूर पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत गेलं. तिथं सौदी अरेबिया, उझबेकिस्तान आणि लेबनॉनशी गाठ पडली. लेबनॉनला हरवलं, बाकी दोघांपुढं निभाव लागला नाही. ‘गोल 2010’ तिथंच संपलं. विश्वचषक काही मिळाला नाही.

क्लबचा ज्युरिच मात्र थांबायचं नाव घेत नव्हता. गेलांगबरोबर त्यानं 2001 ची लीग जिंकलीच होती. लष्कराच्या क्लबबरोबर 2006 ते 2009 अशी सलग चार विजेतेपदं जिंकली. 2010 मध्ये तो टॅम्पिनीस रोव्हर्सकडे आला. लोकांना वाटलं, आता निवृत्तीची सोय बघतोय. टॅम्पिनीसनं 2011, 2012 आणि 2013 ची लीग जिंकली. बेरीज केलीत तर आठ विजेतेपदं. यातली सात त्याच्या पस्तिशीनंतरची आहेत! सिंगापूरची हवा कशी आहे, तर आपल्या कोकणातला मे महिना वर्षभर. संध्याकाळी साडेसातच्या सामन्यालाही अंगातून पाणी निथळत असतं. त्या हवेत नव्वद मिनिटं, आठवड्यामागून आठवडे.

आता मी तुम्हाला नेतो 25 नोव्हेंबर 2012 च्या संध्याकाळी, क्वालालंपूरच्या बुकित जलील स्टेडियममध्ये. आग्नेय आशियाई अजिंक्यपदाची स्पर्धा, आणि दोघांचाही पहिलाच सामना मलेशिया विरुद्ध सिंगापूर. दोन्ही देश सेतूंनी जोडलेले, एकमेकांचं पाणी पिणारे, एकमेकांकडे नोकरीला जाणारे, आणि फुटबॉल म्हटला की एकमेकांचं तोंड न पाहणारे. मलेशिया गतविजेता, यजमान, प्रचंड मोठं स्टेडियम पिवळ्या-काळ्या पाठीराख्यांनी भरलेलं. पहिल्या अर्ध्यातच शाहरिल इशाकनं पाच मिनिटांच्या अंतरानं दोन गोल केले. स्टेडियम गप्प. मलेशिया दुसऱ्या अर्ध्यात चवताळून खेळत होता, एक गोल झाला असता तर चित्र पालटलं असतं. आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला तिसरा गोल झाला. सिंगापूरचा. गोल करणारा बेचाळीस वर्षांचा अलेक्सांदर ज्युरिच. 3-0.

त्या संघाची यादी वाचून पाहा. शाहरिल इशाक, खैरुल अमरी, बैहाक्की खैझान हे मलय. शी जियायी चीनमधून आलेला. डॅनियल बेनेट जन्मानं इंग्रज, पण लहानपणापासून सिंगापुरात वाढलेला. मुस्ताफिच सर्बियाचा. आणि ज्युरिच. सिंगापूर पुढच्या सामन्यात इंडोनेशियाकडून हरलं, लाओसशी 4-3 असं कसंबसं जिंकलं, उपांत्य फेरीत फिलिपिन्सला एका गोलानं मागे टाकलं. अंतिम फेरी थायलंडशी, दोन सामन्यांची. जालान बसारच्या छोट्या, कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर सिंगापूर 3-1 जिंकलं. बँकॉकमध्ये 0-1 हरलं. एकूण 3-2. चौथ्यांदा अजिंक्यपद, आणि चार वेळा ते जिंकणारा सिंगापूर हा पहिला देश ठरला. ज्युरिचनं राष्ट्रीय संघातली कारकीर्द तिथं थांबवली. पाच वर्षांत पन्नासहून अधिक सामने आणि वीसहून अधिक गोल. या काळात त्यानं सिंगापूरचं कर्णधारपदही भूषवलं. क्लबसाठी तो आणखी दोन वर्षं खेळला आणि 2014 मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, थांबला.

आता नियमांबद्दल थोडं, कारण श्रोत्यांपैकी काहींच्या मनात प्रश्न आला असेल की पैसे देऊन कोणीही कोणालाही आपला खेळाडू करून घेईल का? 2004 मध्ये तसं घडू पाहत होतं. कतारनं ब्राझीलच्या काही खेळाडूंना संघात घेण्याची हालचाल केली, ज्यांचा कतारशी काहीच संबंध नव्हता. तेव्हा फिफानं घाईनं नियम केला: जन्म, आईवडील वा आजीआजोबा यांपैकी काही नातं हवं, नाहीतर त्या देशात किमान दोन वर्षं राहिलेलं असावं. 2008 मध्ये ही मुदत पाच वर्षांची झाली. ज्युरिचला या नियमाची भीती नव्हती. त्यानं पदार्पण केलं तेव्हा तो आठ वर्षं तिथं राहत होता. माझं मत विचाराल तर नियम आणखी थोडा कडक असता तरी मला चाललं असतं. देशात काही वर्षं घालवलेल्या माणसाला तिथला भाजीवाला ओळखतो, मुलांच्या शाळेतले शिक्षक ओळखतात, हरल्यावर दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याला चार शब्द ऐकावे लागतात. राष्ट्रीय संघाला अशी उत्तरं द्यावी लागणारी माणसं हवीत.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेनं येतो. भारतही दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि भारताकडून खेळायचं तर भारताचा पासपोर्ट लागतो. परदेशी वाढलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना त्यामुळे दार बंद आहे. पण ज्यांनी ते दार स्वतः उघडलं, त्यांपैकी एक पुण्याच्या प्रेक्षकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. आराता इझुमी. जपानमध्ये जन्मलेला, आई जपानी, वडील गुजराती. आधी मुंबईचा महिंद्रा युनायटेड, मग पुणे एफसी. बालेवाडीत त्याचा खेळ पाहिलेले लोक अजून त्याच्या पासविषयी बोलतात. 2012 मध्ये त्यानं जपानचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं आणि 2013 मध्ये भारताची जर्सी घातली. जपानचा पासपोर्ट सोडणं ही काय चीज आहे, याचा विचार करा. महिंद्रा युनायटेड आज नाही, पुणे एफसीही नाही. महाराष्ट्रानं हे दोन्ही क्लब हातचे जाऊ दिले, याची खंत मला वाटते आणि ती मी लपवणार नाही. अलीकडे, 2025 मध्ये, रायन विल्यम्सनंही तसंच केलं. जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली. त्यानं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला आणि भारतीय झाला.

आणि 14 ऑक्टोबर 2025 ची रात्र गोव्यातल्या श्रोत्यांना सांगायलाच नको. मडगावचं फातोर्डा स्टेडियम. आशियाई करंडकाची पात्रता फेरी, भारत विरुद्ध सिंगापूर. लालियानझुआला छांगतेनं सुरुवातीलाच झकास गोल केला, फातोर्डा उसळलं. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरनं बरोबरी साधली आणि दुसऱ्या अर्ध्यात आघाडी घेतली. भारत 1-2 असा हरला, आणि आशियाई करंडकाची आपली आशा त्या रात्री संपली. सिंगापूरचे दोन्ही गोल एकाच खेळाडूचे होते, साँग उई-यंग. जन्म दक्षिण कोरियाचा. 2012 मध्ये कोवळ्या वयात तो सिंगापूरच्या होम युनायटेडकडे आला, तिथं राहिला, आणि 2021 मध्ये नागरिक झाला. नऊ वर्षांनी. ज्युरिच गेला त्याच वाटेनं.

पुढच्याच महिन्यात सिंगापूरनं हाँगकाँगला हरवलं आणि 2027 च्या आशियाई करंडकात जागा मिळवली. याआधी सिंगापूर त्या स्पर्धेत खेळलं होतं ते 1984 मध्ये, तेही यजमान म्हणून. मैदानावर कमावून मिळालेली ही पहिलीच जागा. विश्वचषकाच्या त्या जुन्या सरकारी मोहिमेला जे जमलं नव्हतं, त्या मानानं हे यश लहान असेल. पण ते सिंगापूरचं खरंखुरं यश आहे, कारण त्यात त्यांच्या चाळींतून, त्यांच्या शाळांतून आलेली मुलं आहेत आणि त्यांच्यात येऊन राहिलेलीही.

ज्युरिच निवृत्तीनंतर कुठं गेला, असं विचाराल. कुठंच गेला नाही. सिंगापूरच्या सरकारी क्रीडा यंत्रणेनं लहान मुलांसाठी फुटबॉल अकादमी काढली, तिचं काम त्यानं हाती घेतलं. सहा-सात वर्षांच्या मुलांना चेंडू पायाच्या कोणत्या भागानं थांबवायचा ते शिकवायचं, हे काम. आपल्या गावात, तालुक्यात अशी सरकारी अकादमी असती तर तिच्या मैदानावर कोणाला उभं केलं असतं, याचा विचार आपल्या क्रीडा संघटनांनी करावा. निवृत्त झालेले किती चांगले खेळाडू कोल्हापुरात, नागपुरात, मडगावात आज घरी बसून आहेत, आणि त्यांना बोलवायला कोणी जात नाही. कोल्हापूरच्या पेठांपेठांतल्या तालीम संघांचे सामने पाहायला हजारो लोक येतात. तिथून सुरुवात करता येईल. संघ आहेत, मैदान आहे, प्रेक्षक आहेत. पोरांना शिकवायला जुन्या खेळाडूंना पगारी नेमा, एवढंच माझं मागणं आहे.

नमस्कार.